‘हे’ बोलत नाहीत, की त्यांना ऐकू येत नाही?

प्रश्न : माझं वय ६७, ह्यांचं ७३. मुलगा बंगळूरला, लेक कॅनडात. हे दिवसभर टीव्ही मोठ्याने लावून बसतात. काही सांगितलं तर नुसतं ‘हं’. नातीचा फोन आला की लगेच माझ्याकडे देतात. घरात माणूस असून एकटं वाटतं, हे सांगायचीही लाज वाटते. हल्ली माझ्याही लक्षात राहत नाही. परवा शेजारणीचं नावच आठवेना, घरी आल्यावर आठवलं. डोक्यावर परिणाम तर होत नाहीये ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, लाज कसली? ‘नवरा आहे ना घरात, तुला काय कमी?’ म्हणणाऱ्यांना म्हणू द्या.

मी अडले ती टीव्हीच्या आवाजावर आणि नातीच्या फोनवर. ह्यांना बहुधा कमी ऐकू येतंय. वयानुसार आधी उंच पट्टीतले आवाज जातात, म्हणजे बायकामुलांचेच. त्यात तुम्ही स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना बोलणार! सारखं ‘काय?’ विचारायचा कंटाळा आला की माणूस ‘हं’वर येतो आणि आपण म्हणतो, तिरसट झालेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता मळ साचलेला असतो. नाहीतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ‘मशीन लावून म्हातारा दिसेन’ म्हणाले, तर नातीचं नाव काढा.

हे टाळू नका. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि माणसांपासून तुटणंही.

तुमचं म्हणाल, तर नाव मागाहून आठवलं, म्हणजे लगेच घाबरायचं कारण नाही. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजचा रस्ता चुकणं, हे वेगळं. तरी बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. मन उदास असलं तरी विसरायला होतं, तेव्हा डॉक्टरांना एकटेपणाचंही सांगा. फारच जड झालं तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला. ‘ह्यांना सोडून कशी जाऊ?’ असं मला कळवू नका. दोन तास ते राहतील. चहा त्यांचा त्यांना करता येतो. परत आलात की टीव्ही बंद करून, समोर बसून, तिथलं काहीबाही सांगा. मात्र ओरडून नको. ओरडल्याने शब्द काही स्पष्ट होत नाहीत, ह्यांना तुम्ही चिडलात एवढंच कळतं.