‘भांडवलवाद’ का नाही?

विचारणा अशी: समाजवाद, साम्यवाद म्हणतो, मग ‘भांडवलशाही’ का? हिंदीत तर ‘पूंजीवाद’ आहे. आणि भांडवल म्हणजे मुद्दलच ना?

आधी मुद्दल. समजा, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या अडत्यानं, म्हणजे गुळाच्या दलालानं, गुऱ्हाळवाल्याला ५०,००० रुपये उचल दिली, व्याज दरसाल १२ टक्के. सहा महिन्यांनी गूळविक्रीच्या पट्टीतून ५३,००० वळते होतात. त्यातले ५०,००० हे मुद्दल, म्हणजे व्याज वगळून देण्याची मूळ रक्कम. अडत्याच्या लेखी मात्र तेच भांडवल, कारण ते वाढायला सोडलेलं आहे. मार्क्सनं १८६७ साली सूत्र मांडलं: पैसा–माल–जास्त पैसा. गुळाचे रवे विकत घेऊन गुजरातेत पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला ते तंतोतंत लागू पडतं. व्याजात मधला माल गळतो, एवढंच.

गुऱ्हाळावर आणखी एक घोळ होतो. घाणा आणि काहील हंगामामागून हंगाम टिकतात, म्हणून ते स्थिर भांडवल; ऊस आणि मजुरी एका आधणातच, म्हणजे काहिलीच्या एका खेपेतच खपते, ते खेळतं. मार्क्सची विभागणी वेगळी. त्याच्या हिशेबात घाण्याबरोबर ऊसही एकाच गटात पडतो आणि दुसऱ्या गटात उरते फक्त गूळ शिजवणाऱ्या गुळव्याची आणि मजुरांची मजुरी. मराठीत त्या पहिल्या गटालाही ‘स्थिर’च म्हणतात आणि वाचणारा फसतो. लिहिताना कुठला ‘स्थिर’ ते एकदा सांगून टाकावं.

आता ‘शाही’. वाद म्हणजे मत. शाही म्हणजे सत्ता: आदिलशाही, नोकरशाही, झुंडशाही. तेव्हा मराठी शब्द राज्य कुणाचं तेच सांगतो. मला तो हिंदीपेक्षा चोख वाटतो. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथात या व्यवस्थेला ‘कॅपिटलिझम’ असं नावच नाही. हे नाव रुळवलं ते तिच्या टीकाकारांनी. फ्रेंच समाजवादी लुई ब्लाँनं १८५० मध्ये ते वापरलं तेच मुळी काहींनी इतरांना वगळून भांडवल बळकावणं या अर्थानं. (स्मिथ बहुधा ‘साठा’ या अर्थाचा शब्द वापरतो. आपल्या ‘भांडवल’मधलं संस्कृत ‘भांड’ म्हणजे भांडं, तसाच विकायचा मालही. जवळचं नातं!)

पण टीका करायची नसेल तिथं ‘भांडवली’ लिहा: भांडवली खर्च, भांडवली नफा. ‘भांडवलशाही खर्च’ हे चूकच. माणसाबद्दल बोलताना जमीनदारासारखा ‘भांडवलदार’ पुरतो. ‘भांडवलशहा’ म्हटलं की शिवी आलीच.