राहू दे, मीच करते

वर्षअखेरीच्या सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांच्या तोंडी एक गाऱ्हाणं हमखास असतं. "सगळ्यांनी मिळून काहीतरी करूया म्हणून मी हौसेने घाट घालते, आणि शेवटी ओट्यापाशी मी एकटीच उरते." कुणी रागाने सांगतं, कुणाचे डोळे भरून येतात. वडीलही येतात, त्यांचं म्हणणं वेगळं असतं: "मी करायला जातो, तर हिला माझं काही पटतच नाही." ही दोन्ही गाऱ्हाणी एकाच घरातली असू शकतात, हे उमगायला मला बरीच वर्षं लागली.

यंदा हे इतक्यांदा ऐकलं की मेधाची गोष्ट लिहावीशी वाटली. नाव, तपशील बदलले आहेत आणि तिला विचारूनच लिहिते आहे. सात-आठ भेटी इथे दोन पानांत मावल्या आहेत. प्रत्यक्षात मधले काही आठवडे आम्ही जागच्या जागीच होतो.

मेधाचं काम हिशेब तपासणीचं. घरात नवरा, तेरा वर्षांची सई आणि सात वर्षांचा अर्णव. पहिल्याच भेटीत तिने निकाल सांगून टाकला, "मॅडम, माझ्या मुलांना घराची ओढच नाही. सगळं त्या मोबाइलमुळे." पुरावा म्हणून तिने आदल्या वर्षीच्या सुट्टीतला एक दिवस सांगितला.

त्या दिवशी चौघांनी मिळून सणासाठी गोड करायचं ठरलं होतं. मुलांना हात लावता यावा म्हणून तिने मुद्दाम न भाजता होणारा पदार्थ निवडला, चॉकलेट-बिस्किटांचा रोल. बिस्किटं फोडायची, चॉकलेट आणि लोणी वितळवून त्यात कालवायची, बटर पेपरवर गोळा ठेवून गुंडाळायचा, दोन्ही टोकं पिळायची आणि तीन-चार तास फ्रीजमध्ये. ओव्हनचं नावच नाही. चॉकलेट सुमारे ३४ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्याही थोडं खाली वितळतं. त्यामुळे उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून त्यावर भांडं धरलं तरी भागतं. मेधाने सगळा विचार केला होता. तराजूवर मोजून वाट्या मांडून ठेवल्या होत्या.

आणि अर्ध्या तासात स्वयंपाकघर रिकामं झालं. सई खोलीत गेली, अर्णव रडत बसला, नवऱ्याला अचानक एक फोन आठवला. रोल मात्र सुरेख झाला, एकसारखा गोल. तिने मला त्याचा फोटो दाखवला. फोटोत फक्त रोल होता.

मी मोबाइलचा विषय तिथेच बाजूला ठेवला. तो खरा असेलही, पण त्याच्याशी भांडून कुणाचं घर जवळ आल्याचं मी पाहिलेलं नाही. मी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, "त्या दिवशी कुणाच्या हातांनी काय काय केलं, तेवढंच लिहा. मनात काय आलं ते नको. फक्त हात."

तपासणीची सवय असलेली बाई, तिने चोख लिहिलं. अर्णवने बिस्किटं फोडली. तुकडे मोठे राहिले म्हणून तिने ती पिशवी घेऊन पुन्हा फोडली. नवऱ्याने बदाम कापले. जाड झाले म्हणून तिने पुन्हा कापले. सईने रोल गुंडाळला; एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक झाला म्हणून तिने उलगडून पुन्हा गुंडाळला. ढवळताना अर्णव पुढे झाला तेव्हा त्याला सरकवला.

"काय म्हणून सरकवलंत?"

"म्हटलं, सरक, भाजेल."

"काय भाजेल?"

ती बोलायला लागली आणि थांबली. गॅस बंद होता. ओव्हन नव्हता. भांडं कोमट होतं, ते तिने स्वतःच मघाशी मला सांगितलं होतं.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण माझ्या मते सगळी गोष्ट या क्षणात आहे. एरवी स्वयंपाकघरातून मुलांना बाहेर ठेवायला आपल्याकडे भरभक्कम कारणं असतात. चटका बसेल, तेल उडेल, सुरी लागेल. ती खोटी नसतात, म्हणून त्यांच्या आड काय आहे ते दिसत नाही. न भाजता होणाऱ्या या पदार्थाने मेधाचं कारणच काढून घेतलं. विस्तव नव्हता, तरी "सरक" होतंच. मग ते कुठून येत होतं?

उत्तर मला दिसत होतं. जिभेवर आलेलंही होतं. मी ते बोलले नाही. वीस वर्षांच्या कामात कुठली गोष्ट शिकले म्हणाल, तर ही. समोरच्याच्या हातातलं उत्तर आपण ओढून घ्यायचं नाही. मिनिटभर तरी शांतता असेल. मग मेधा कागदाकडे बघत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझी आई असंच म्हणायची. राहू दे, मीच करते."

"तेव्हा तुम्हाला काय ऐकू यायचं?"

"की मला जमणार नाही." आणि थोड्या वेळाने, "पण मॅडम, मी तर मुलांना त्रास नको म्हणून म्हणते."

"आईही त्यासाठीच म्हणत असेल."

मग ती रडली. पुढच्या भेटीत आली तेव्हा मोबाइलचं नाव तिने काढलं नाही.

"राहू दे, मीच करते" हे मराठी घरातलं फार प्रेमळ वाक्य आहे. ते म्हणणारीला त्यातली माया ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला त्यातला निकाल. माझा ओढा आल्फ्रेड ॲडलर यांच्या विचाराकडे आहे, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. व्हिएन्नाच्या या डॉक्टरांनी (१८७०-१९३७) पहिल्या महायुद्धानंतर तिथे मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं काढली. आपण या माणसांतले आहोत आणि आपल्यामुळे इथे काहीतरी घडतं, या दोन गोष्टी माणसाला लागतात, असं ते मानत. मूल आळशी आहे, उर्मट आहे असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा या दोहोंपैकी एक हरवलेली असते. त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांचा आग्रह त्याहून सरळ होता: मुलाला जे स्वतः करता येतं ते त्याच्यासाठी करू नये. मी यात एक भर घालते. त्याने केलेलं पुन्हाही करू नये. एकदा केलेलं काम डोळ्यांदेखत दुसऱ्याने परत केलं, की मुलाच्या लेखी ते झालेलंच नसतं. सईने गुंडाळलेला रोल उलगडला गेला तेव्हा ती खोलीत गेली. ती रुसली असं मेधाने सांगितलं होतं. मला वाटतं, तिचं तिथे काही कामच उरलं नव्हतं.

म्हणून सणाचं काही एकत्र करायचं असेल तर मी पालकांना आधी "मदत" हा शब्द सोडायला सांगते. मदत म्हटलं की काम आईचं ठरतं, बाकीचे पाहुणे. त्याऐवजी एकेक भाग पूर्ण ज्याच्या त्याच्या नावावर करावा. मुलाला दिलेलं काम खरं हवं, म्हणजे ते झालं नाही तर पदार्थ अडला पाहिजे. सजावटीचे चार दाणे लावायला देणं हे काम नव्हे, ती समजूत आहे आणि पाच वर्षांच्या मुलालाही ते कळतं. जाड पिशवीत बिस्किटं घालून लाटण्याने फोडणं सात वर्षांच्या मुलाला उत्तम जमतं. पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवा, नाहीतर ती फुटते. पीठ झालं तर रोलला पोत येत नाही, नखाएवढे तुकडे बरे. पण हे त्याला सुरुवातीला एकदाच सांगायचं, आणि मग तुकडे जसे होतील तसे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना वजनं करू द्यावीत. आणि किशोरवयातल्या मुलांना हातकाम देऊ नका, निर्णय द्या. कशाची चव, कुठला आकार, केवढे काप. "तुला काय वाटतं" विचारून शेवटी आपलंच खरं करायचं असेल तर विचारूच नये, ते जास्त लागतं.

आजी-आजोबा असतील तर त्यांचा हात कापतो म्हणून त्यांना नुसतं कौतुकाला बसवतात. मला ते पटत नाही. सुकामेवा निवडायला हात स्थिर लागत नाही. (सुकामेव्यावरून आठवलं: घरात कुणाला त्याची ॲलर्जी असेल तर तो भाग सरळ वगळा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. न भाजता होणाऱ्या काही पदार्थांत कच्चं अंडं असतं. लहान मुलं, वृद्ध किंवा गरोदर बाई घरात असेल तर ती कृती घेऊ नये.)

आणि स्वतःच्या हातांचं काय करायचं? मेधाने मला हाच प्रश्न विचारला. "मला बघवत नाही हो. हात आपोआप पुढे जातात." मी म्हटलं, मग त्यांना धरून ठेवा. एका हाताने दुसरा, पाठीमागे. हसू नका, हे मी गंभीरपणे सांगते आणि ते उपयोगी पडतं. मनाला समजावण्यापेक्षा हात अडवणं सोपं असतं, मन मागाहून येतं.

यंदा तिने पुन्हा तोच रोल करायला घेतला. सई येणार नाही म्हणाली होती. मेधाने आग्रह केला नाही, पण कामं वाटताना काप करण्याचं काम कुणालाच दिलं नाही. "ते सईचं आहे" एवढंच सगळ्यांसमोर म्हणाली. बोलावणं नको, जागा असू दे, हे आमचं आधी ठरलं होतं.

अर्णव चॉकलेट ढवळत होता. चमचा नुकताच धुतलेला, ओला. दोन थेंब आत गेले आणि बघता बघता चकचकीत चॉकलेटचा भुगा-भुगा गोळा झाला. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचं वावडं असतं. थेंबभर ओल मिळाली की त्यातली साखर ओलसर होऊन कण एकमेकांना चिकटतात. अर्णवने आईकडे पाहिलं. मेधा मला म्हणाली, "ती नजर मी कधी पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली असणार. पण तेव्हा मी चॉकलेटकडे बघत असायचे."

हात पाठीमागेच होते. ती म्हणाली, "अरे, हे असं कसं झालं? मलाही नीट माहीत नाही." स्वयंपाकघरात कुणी काही बोललं नाही. आणि त्या शांततेला सई बाहेर आली. आरडाओरडा झाला असता तर ती खोलीतच थांबली असती, हे तिने नंतर स्वतः सांगितलं. तिने भांड्यात डोकावलं, मोबाइलवर शोधलं (तोच मोबाइल!) आणि म्हणाली, "अजून ओलं करायचं. गरम दूध, एकेक चमचा." नवरा म्हणाला, पाण्याने बिघडलंय आणि तू आणखी ओततेस? पण दूध त्यानेच तापवलं. तीन-चार चमचे जाईपर्यंत काही दिसेना, मग एकदम सगळं सैल होऊन पुन्हा गुळगुळीत झालं. थेंबाने बिघडतं, चमच्यांनी सावरतं. फक्त असं चॉकलेट जरा मऊच राहतं, म्हणून रोल रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा लागला.

ती रात्र मेधाला सगळ्यात आवडली. करायला काही नव्हतं. पदार्थ आत, माणसं बाहेर, आणि कुणालाच उठून जाण्याची घाई नाही. सईने कुठून तरी शोधून काढलं की २०११ साली इंग्लंडच्या राजपुत्र विल्यमने स्वतःच्या लग्नात असाच चॉकलेट-बिस्किटांचा न भाजलेला केक मागितला होता. त्यानंतर अर्णवने फ्रीज किती वेळा उघडला ते विचारू नका.

रोल एका अंगाला चपटा झाला. नवऱ्याने गुंडाळला होता. सकाळी सईने सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून काप केले. सगळे तिला हवे तसे, जाड. आजीचा फोन आला तेव्हा अर्णवने तो पळवला आणि पहिलं वाक्य सांगितलं, "आजी, मी चॉकलेट बिघडवलं आणि ताईने दूध घालून नीट केलं!" कुणी बक्षीस मिळाल्याचं सांगावं, तसं.

पुढच्या भेटीला मेधाने एका डबीत माझ्यासाठी काप आणला. मी तो उचलून पाहिला. काळ्याभोर चॉकलेटमध्ये बिस्किटाचे फिकट तुकडे, आणि मधोमध एक बिस्किट जवळजवळ अर्धं, न फुटलेलं, दोन्ही कडांनी बाहेर आलेलं.

"हा एवढा मोठा?" मी विचारलं.

"तो अर्णवचा," ती म्हणाली. "पिशवीत दिसला होता मला."