रविवारी दोनशे मारतोस ते ठीक, पण सोमवारी काय?

तुझा प्रश्न नीट वाचला. वय १७, बारावी चालू, राहायला वाईत, दर रविवारी एकट्याने १८०-२०० किमी, आठवडाभर अभ्यासामुळे सायकल जवळजवळ बंदच, आणि गेल्या महिन्यात तीन दिवसांच्या स्टेज रेसमध्ये (रोज एक टप्पा, लागोपाठ) पहिल्या दिवशी पुढच्या ग्रुपमध्ये होतास, दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाला सुटलास. आता विचारतोयस की रविवारची राईड २५० करू का.

नको करूस. तुझ्यात दम कमी नाहीये रे, तुझा दम एका दिवसाचा आहे. बीआरएमवाले (ठराविक वेळेत लांब पल्ला पूर्ण करणारे, त्यात शर्यत नसते) ३००-४०० किमी करतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहेच, पण त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी परत कोणाच्या अटॅकमागे पळायचं नसतं. स्टेज रेसमध्ये अंतर बघायला गेलं तर फार मोठं नसतं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही स्टेज रेस झाली ती प्रोलॉग (सुरुवातीची छोटी फेरी) आणि चार स्टेज मिळून ४३७ किमी, म्हणजे तुझे दोन-सव्वादोन रविवारच झाले, पण त्या वेगाने आणि लागोपाठ.

हे का होतं ते बघ. स्नायू आणि लिव्हर मिळून साधारण ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) साठतं, म्हणजे दोनेक हजार कॅलरी, आणि जोरात चालवताना तासाला ६००-८०० सहज जातात, थोडं चरबीतून येतं पण चढावर वेग वाढला की बहुतेक सगळं ग्लायकोजेनच जळतं. टाकी पूर्ण रिकामी झाली की नीट खाऊनही भरायला जवळपास २४ तास लागतात आणि तुझी पुढची स्टेज त्याआधीच सुरू होते. म्हणून पहिल्या दिवशी कमी रिकामं व्हायचं, हाच सगळा खेळ. त्याचे मार्ग दोनच, शरीराला जास्त चरबी जाळायची सवय लावायची आणि सायकलवर बसल्या बसल्या खायचं.

पहिल्यासाठी झोन २, म्हणजे धाप न लागता सावकाश चालवणं. सगळे म्हणतात आणि कोणी करत नाही, कारण स्ट्राव्हा अॅपवर एवढा कमी वेग दिसायला लाज वाटते. पॉवर मीटर नसेल तर राहू दे, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे एवढी खूण पुरे. हार्ट रेट जास्तीत जास्तच्या ६५-७५ टक्क्यांत. पसरणी घाट तुझ्या दारात आहे, पाचशे-सहाशे मीटरची चढाई, तोच हलका गिअर लावून बसून चढ, पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत. तुला मागे टाकून कोणी गेला तर जाऊ दे त्याला.

बारावीत वेळ किती मिळणार, आठवड्याला आठ-नऊ तास धरू. मंगळवार-गुरुवार सकाळी तासभर सावकाश, बुधवारी एकच दिवस जोर, चढावर ८-८ मिनिटांचे तीन-चार रिपीट. मग शनिवारी अडीच तास आणि रविवारी तीन, हे लागोपाठचे दोन दिवस तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे, एका रविवारच्या दोनशेपेक्षा कितीतरी जास्त कामाचे. तीन आठवडे थोडं थोडं वाढव, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आण. परीक्षा जवळ आली की तोच हलका आठवडा समज, काही बिघडत नाही.

प्रगती मोजायची तर अॅव्हरेज स्पीड बघू नकोस, वारा आणि ट्रॅफिक त्यात सगळा घोळ करतात. एका दिवशी ताजा असताना पसरणी पूर्ण जोर लावून चढ आणि वेळ लिहून ठेव, नंतर पुढे कधीतरी दोन-अडीच तास चालवून झाल्यावर तोच घाट तसाच चढ. दोन वेळांतला फरक कमी होत गेला की समज काम होतंय, रेस नेहमी दमलेल्या पायांवरच ठरते.

आता खाणं. तू लिहिलंयस की दोनशे किमीत दोन केळी आणि पाणी. अरे बाबा! महागडं एनर्जी जेल घ्यायचीही गरज नाही. साखर म्हणजे अर्धी ग्लुकोज अर्धी फ्रुक्टोज, महागड्या पावडरींतही साधारण हाच प्रकार असतो. ७५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू, आणि वर तासाला एक केळं किंवा चिक्की, झाले ६० ग्रॅम कार्ब. आधी तासाला ४० ग्रॅम कार्बने सुरुवात कर, पोटाला सवय लागते, मग रेसमध्ये ८०-९० पर्यंत जाता येतं. पहिला घास पहिल्या २० मिनिटांत, भूक लागेपर्यंत थांबायचं नाही. स्टेज संपली की अर्ध्या तासात भात-वरण, बटाटा, दही, जे मिळेल ते, बक्षीस समारंभ नंतर.

आणि ते "वजन ५४ वरून ५० करतोय" वालं वाक्य वाचून मला काळजी वाटली. वाढत्या वयात कमी खाऊन ट्रेनिंग केलं की हार्मोन आणि हाडं दोन्ही बिघडतात, आणि घाटात वेग वाढायच्या ऐवजी कमी होतो. शाकाहारी आहेस म्हणतोस तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोगाचारचं उदाहरण देतोस ना, तोही १९ व्या वर्षी तूर द लाव्हनिर ही तरुण रायडरांची रेस जिंकला ती साधारण दहा दिवसांची होती, तीन आठवड्यांची स्पेनची व्हुएल्टा त्याने नंतरच्या वर्षी केली, म्हणजे घाई त्यानेही केली नाही.

एक राहिलं. एकट्याने चालवणं कमी कर. ग्रुपच्या आत बसलं की ३० टक्क्यांच्या आसपास मेहनत वाचते, पण आत बसायलाही शिकावं लागतं, पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर न घाबरता, वळणावर ब्रेक न मारता. तू पहिल्या दिवशी बहुतेक वेळ बाजूच्या वाऱ्यात चालवलंस असं तुझ्या वर्णनावरून वाटतंय, निम्मी टाकी तिथेच गेली असणार. सातारा नाहीतर पुण्याचा एखादा रेसिंग ग्रुप गाठ, महिन्यातून दोनदा गेलास तरी चालेल.

सहा आठवडे हे करून बघ आणि पसरणीच्या दोन्ही वेळा इथेच टाक. बाटलीत काय भरलं होतंस तेही लिही, नुसता वेळ नको.