मुलगा म्हणतो फुटबॉल कोच होणार, आता काय करू?

ताई, पत्र दोनदा वाचलं तुमचं. मुलगा ओहायोतल्या छोट्या कॉलेजात थर्ड इयरला, मॅथ्स मेजर, अमेरिकन फुटबॉलच्या (आपला पायाने खेळायचा नव्हे) टीममध्ये ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या रांगेत खेळतो, आणि थँक्सगिव्हिंगला घरी आला तेव्हा म्हणाला कंपन्यांचे इंटरव्ह्यू देणार नाही, फुटबॉल कोच होणार, शक्यतो अशाच छोट्या कॉलेजात. तेव्हापासून बाबा त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. आणि तुम्ही विचारलंय, हे म्हणजे आपल्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारखंच ना?

थोडंफार तसंच, पण त्यात कमीपणा काही नाही बरं का. मी ९ वर्षं अशाच एका कॉलेजच्या करिअर ऑफिसात काढली, फुटबॉलचं ऑफिस आमच्याच कॉरिडॉरमध्ये होतं, त्यामुळे हे काम रोज बघितलंय. टीव्हीवर दिसतात ते करोडोंचे कोच डोक्यातून काढा. तुमचा मुलगा खेळतो ती डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेजच्या खेळांतला तिसरा गट, बहुतेक छोट्या कॉलेजांचा, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. म्हणजे टीममधली शंभरेक पोरं फी भरून (मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळणारी मदत वेगळी) शिकणारी असतात, आणि ज्या कॉलेजात एकूण विद्यार्थीच हजार-दीड हजार, तिथे ही शंभर पोरं म्हणजे कॉलेजचा मोठा आधार. म्हणून हेड कोचला मॅच किती जिंकलास हे विचारतातच, पण त्याआधी ऑगस्टमध्ये नवीन पोरं किती आणलीस हे विचारतात.

मुलाने नेमकं हेच नीट बघितलंय का, ही माझी खरी काळजी आहे. शनिवारची मॅच सगळ्यांनाच आवडते हो. पण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडचे कोच बर्फातून दोन-दोन तास गाडी चालवत एखाद्या हायस्कूलला जायचे, शर्टावर व्हिजिटरचा स्टिकर लावून ऑफिसबाहेर बसायचे, कशासाठी तर एका सतरा वर्षांच्या पोराशी दहा मिनिटं बोलायला मिळावं म्हणून, आणि तो पोरगा एप्रिलमध्ये दुसरीकडे ॲडमिशन घ्यायचा. संध्याकाळी परत येऊन पोरांच्या आईवडिलांना फोन, फीचे प्रश्न, हॉस्टेलचे प्रश्न. सीझनमध्ये तर रविवारीसुद्धा सकाळपासून फिल्म, म्हणजे मॅचचे व्हिडिओ, बघत बसलेले असायचे. कोणाचं गणित राहिलंय, कोणाच्या डोक्याला मार लागलाय, कोणाच्या घरी वडील गेलेत, हे सगळं शेवटी हेड कोचकडेच येतं. हे ज्याला मनापासून आवडतं तोच टिकतो, खेळावरच्या प्रेमावर दोन वर्षं निघतात फार तर.

पैशाचं स्पष्ट सांगते. सुरुवातीला पगार फारच कमी, बऱ्याचदा असिस्टंटची जागा म्हणजे मास्टर्सची फी माफ, राहायची-जेवायची सोय आणि हातखर्च. पण मास्टर्स फुकटात होत असेल तर आपल्या घरांमध्ये ते पटायला हरकत नसावी! सरकारी युनिव्हर्सिटीतल्या कोचचे पगार पब्लिक रेकॉर्ड असतात, बाबांबरोबर बसून बघा, अंदाजाने भांडण्यापेक्षा आकडे समोर असलेले बरे.

वेळ लागतो हेही खरं. लान्स लायपोल्ड डिव्हिजन थ्रीतल्याच विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर कॉलेजला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) होते, मग वीसेक वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत असिस्टंटची आणि ऑफिसातली कामं केली, २००७ला त्याच कॉलेजचे हेड कोच झाले, ८ सीझनमध्ये ६ वेळा नॅशनल चॅम्पियन, आणि आता कॅन्सस या मोठ्या युनिव्हर्सिटीला आहेत. उलट जॉन गॅग्लियार्डी या कोचना मोठ्या युनिव्हर्सिटीकडे जायचंच नव्हतं. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या छोट्या कॉलेजला १९५३ पासून २०१२ पर्यंत, एकूण ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कोणाचेच नाहीत. प्रॅक्टिसमध्ये टॅकलिंग (समोरच्याला पकडून पाडणं) बंद, शिट्टी बंद, आणि पोरांनी कोच न म्हणता नुसतं जॉन म्हणायचं! मला हा माणूस फार आवडतो, कारण तो शिक्षक होता, फुटबॉलच्या थिअरीचा वर्गसुद्धा घ्यायचा.

पण एक धोका सांगायलाच हवा. आयोवा वेस्लियन नावाचं छोटं कॉलेज होतं, तिथे १९८९ला हॅल मम्मी हेड कोच झाले आणि असिस्टंट म्हणून घेतला माइक लीच, म्हणजे लॉची डिग्री असलेला, कॉलेजात फुटबॉल न खेळलेला माणूस. दोघांनी तिथे पासिंगची जी पद्धत बसवली ती पुढे एअर रेड म्हणून देशभर गेली. ते कॉलेज २०२३ला बंद पडलं. पुढच्याच वर्षी अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न बंद झालं, तिथेही टीम होती. कोच कितीही चांगला असो, कॉलेजच राहिलं नाही तर काय करणार? म्हणून नोकरी घेताना टीमच्या रेकॉर्डआधी कॉलेजची आर्थिक स्थिती आणि ॲडमिशनचे आकडे बघायला शिक म्हणावं, त्याचं मॅथ्स तिथेच कामाला येईल. आणि मॅथ्सची डिग्री पूर्ण करायचीच, त्यात सूट नाही, हायस्कूलला मॅथ्स शिकवून कोचिंग करणारे कितीतरी आहेत आणि तो उत्तम रस्ता आहे.

आता करायचं एवढंच. नोकरीचा वाद उन्हाळ्यापर्यंत बाजूला ठेवा. जानेवारीत कॉलेज उघडलं की त्याने हेड कोचकडे जाऊन सांगायचं, मला रिक्रूटिंगच्या, म्हणजे नवीन पोरं आणायच्या, कामात घ्या, फोन करतो, कॅम्पस बघायला येणाऱ्या कुटुंबांना फिरवतो, फिल्म कापून देतो. कोच नाही म्हणणार नाहीत, त्यांना माणसं कमीच पडत असतात. एप्रिलपर्यंत केल्यावर त्याला विचारा, कुठल्या पोराने नाही म्हटलं आणि तेव्हा तुला कसं वाटलं. तो काय सांगतो ते मला जरूर लिहा.

बाबांना एक निरोप द्या माझा. पुढच्या नोव्हेंबरला त्याचा सीनियर डे असेल, शेवटची घरची मॅच, त्यात आईवडील मुलाबरोबर मैदानात चालत जातात. त्यांची सुट्टी आत्ताच टाकून ठेवा म्हणावं.