सणासुदीत चॉकलेट खायची इच्छा कशी आवरायची? (कृपा करून ‘गूळ खा’ म्हणू नका)

तुमचा प्रश्न असा की दिवाळीत घरात चॉकलेटचे बॉक्स येऊन पडतात, रात्री जेवण झालं की हात तिकडंच जातो, तर मनावर ताबा कसा ठेवायचा. खाली बऱ्याच जणांनी एकच उत्तर दिलंय, चॉकलेटऐवजी गुळाचा खडा तोंडात टाका. ते वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर मी इथं नुसती वाचून जाते.

मी कोल्हापूरची, आणि गुळाच्या घरातली. सासरचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे, सासऱ्यांच्या वडलांपासूनचं. आमच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा मला मनापासून अभिमान आहे, पोळीबरोबर गूळ-तूप नसेल तर माझं जेवण झाल्यासारखं वाटत नाही. पण गूळ चॉकलेटची जागा घेत नाही. गुळातही बहुतेक साखरच असते, थोडं लोह आणि थोडे क्षार सोडले तर शरीराला गूळ आणि साखर या दोन्हीत फार फरक कळत नाही. आणि चॉकलेटची ओढ नुसत्या गोडाची नसतेच. त्यातलं कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा कमी, म्हणून ते जिभेवर ठेवल्या ठेवल्या विरघळतं. साखर आणि स्निग्ध पदार्थ असे एकत्र आले की त्याची गोडी वेगळीच लागते. गुळात ती चरबी कुठून येणार? म्हणून खडा खाल्ला तरी ती इच्छा तिथल्या तिथंच राहते, वर गूळ पोटात जातो तो वेगळा.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. पाडव्याला आमच्यात दोन्हीकडं गर्दी असते, सकाळी यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात, दुपारी घरात पाहुणे. पूर्वी पार्ट्यांकडनं, म्हणजे व्यवहारातल्या व्यापाऱ्यांकडनं, काजू-बदाम नाहीतर मिठाई यायची, आता सगळे चॉकलेटचेच बॉक्स देतात, सोनेरी रिबीन लावलेले, आत प्लास्टिकच्या ट्रेमधे एकेक खड्ड्यात एकेक बसवलेलं. नवरा ते आणून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात दुधाच्या पातेल्यापुढं रचायचा. म्हणजे चहाला दूध काढायचं तरी आधी बॉक्स हलवायचा. एका वर्षी मी आठवडाभर चकल्या-करंज्या तळत होते, दिवसभर तेलापुढं उभं राहिल्यावर धड जेवण जात नाही हे तळणाऱ्या बाईलाच कळतं, आणि पाडव्याच्या संध्याकाळी पाहुणे जेवत असताना मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एका चॉकलेटचा कागद सोडवला. तो चमकी कागद वाजला आणि हॉलमधनं आमच्या आत्या, म्हणजे नवऱ्याच्या आत्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “घरात रव्यानं, ढेपेनं गूळ पडलाय आणि हिला कागदातलं पायजे. मनावर ताबाच न्हाई आजकालच्या पोरींचा. खडा घे की तोंडात.” जाऊबाई खाली बघून हसल्या. माझा नवरा जेवत राहिला, एक शब्द बोलला नाही, ते मला आत्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी त्यांच्यासमोर खडा खाल्ला. तोंड गोड झालं, इच्छा गेली नाही, आणि पाहुणे गेल्यावर चॉकलेटही खाल्लं. मग मी आत्यांकडं नीट बघायला लागले. त्यांचा सकाळी चहा गुळाचा, जेवणानंतर खडा, चारला लाडू, रात्री दुधात परत गूळ, आणि चॉकलेटला हात लावत नाही म्हणून त्या स्वतःला संयमी समजत होत्या. पुढच्या उन्हाळ्यात पायाला मुंग्या यायला लागल्या म्हणून रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर, डायबेटीसमधे निघालं, ६.५ टक्क्यांच्या वर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की साखर आणि गूळ दोन्ही एकाच हिशोबात धरा. तरी आत्यांचं म्हणणं, “गुळानं कुणाला शुगर हुत न्हाई, टेन्शननं झाली.” गुळामुळंच झाली असं मीही म्हणत नाही, त्यात वय आणि घराणं असं सगळं येतं. पण ज्या बाईनं मला चारचौघांत ताबा शिकवला तिनं एवढं तरी मान्य करावं, ही माझी अपेक्षा आजही आहे.

आता तुमचं. ताबा-बिबा सोडा. दहा वेळा फ्रीज उघडल्यावर दहा वेळा नाही म्हणायचं ही शिक्षा आहे, आणि ती घरात बहुतेक बाईच्याच वाट्याला येते कारण फ्रीज तीच उघडते. बॉक्स समोर ठेवायचाच नाही. आमच्यात आता लक्ष्मीपूजन झालं की आलेले सगळे बॉक्स दुकानातले हमाल आणि दिवाणजी घरी जाताना घेऊन जातात, पोरांसाठी एकच ठेवते, तोही वरच्या कपाटात पितळी डब्यामागं. यावर घरात मोठा वाद झाला, “पार्टीनं प्रेमानं दिलंय, ते वाटून टाकायचं?” वगैरे. मी म्हटलं पार्टीनं प्रेम तुमच्या व्यवहारावर केलंय, ते हमालाच्या पोरानं खाल्लं तर कमी होत नाही. तेव्हापासून कुणी काही बोललं नाही.

दुसरं म्हणजे वेळेवर जेवा. फराळ तळायच्या दिवशी दुपारी भाकरी, उसळ नाहीतर एखादं अंडं पोटात गेलं पाहिजे. अर्धपोटी आणि जागरण झालेल्या माणसाला रात्री साडेदहाला गोड लागतंच, त्यात तुमचा स्वभाव कुठं आला? गूळ खायचाच असेल तर शेंगदाण्याबरोबर चारच्या सुमाराला खा, पोटाला आधार होतो, पण ते खाणं म्हणून, चॉकलेटचा उतारा म्हणून नव्हे.

तिसरं चालणं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये नेहमी चॉकलेट खाणाऱ्या लोकांवर अभ्यास केला होता, त्यात १५ मिनिटं झपझप चालल्यावर चॉकलेटची ओढ कमी झाल्याचं दिसलं. मी इथल्या रंकाळा तलावावर जाते. जेवण झाल्यावर चप्पल घालून बाहेर पडायचं, परत येईपर्यंत ती लाट ओसरलेली असते, निदान माझी तरी.

आणि मॅग्नेशियम कमी असलं की चॉकलेट खावंसं वाटतं असंही कुणीतरी इथं लिहिलंय. तसं असतं तर तिळावर वासना गेली असती, तिळात मॅग्नेशियम चॉकलेटपेक्षा जास्त असतं. तीळ बघून कुणी रात्री उठतं का?

खायचंच असेल तर चांगलं खा. दिवाळीत रंगीत कागदात मिळणारं बरंच ‘होममेड’ कंपाउंडच्या लाद्या वितळवून केलेलं असतं, त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची चरबी असते, लेबल असेल तर वाचा. साध्या दुधाच्या चॉकलेटमधे निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणजे ४० ग्रॅमच्या वडीत २० ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच वरून घातलेली साखर बरी म्हणते, ५० च्या वर तर नकोच. त्यापेक्षा जास्त कोकोचे दोन तुकडे ताटलीत घेऊन सगळ्यांसमोर बसून खा. स्वयंपाकघरात उभं राहून, कागद न वाजवता, असं नको. आणि कुणी टोकलं तर त्यांच्या ताटातले लाडू मोजून दाखवा.

एक राहिलं. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर यातलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि शुगर अचानक उतरली तर चॉकलेट देऊ नका, चरबीमुळं ते हळू लागू पडतं, साखरपाणी द्या. आणि खाणं थांबतच नसेल, लपून खाल्लं जात असेल, नंतर रडू येत असेल तर तो सणाचा प्रश्न राहत नाही, मनाच्या डॉक्टरांकडं जा, त्यात लाज वाटून घेऊ नका.

घरात असं चारचौघांत बोलणारं कुणी असेल तर तुमच्या नवऱ्याला किंवा बायकोला आजच सांगून ठेवा की यंदा तू बोलायचंस. मी माझ्या नवऱ्याला सांगितलंय, आत्या येणारच आहेत.