स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना खरं सांगावं की वेळ मारून न्यावी?

तुमचे वडील रोज संध्याकाळी "कामावर जायचंय" म्हणत दाराशी येतात, तेव्हा खरं सांगावं का, असं तुम्ही विचारलंय. सांगू नका. खरं सांगण्यात आमची २ वर्षं गेली.

माझे सासरे, अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. काम सोडून २० वर्षं झालेली, तरी दिवेलागणीला टोपी घालून उभे. "सौद्याला उशीर होतोय, सोडा मला." आमचे हे समजवायचे, "अण्णा, तुमची नोकरी कधीच संपली." अण्णांना वाटायचं, आत्ताच काढून टाकलं. रोज नव्यानं तो धक्का. "मालकांनी असं कसं केलं?" म्हणून रडायचे. एकदा नजर चुकवून गेले ते आयर्विन पुलावर सापडले, अनवाणी.

त्यानंतर मी किलोभर हळद आणली, गड्डे आणि हळकुंडं एकत्र, आणि परात त्यांच्यापुढे ठेवली. "अण्णा, माल इथंच आलाय, तेवढा निवडून द्या." त्यांनी एक हळकुंड उचललं, कटकन मोडलं, आतला रंग उजेडाला धरून पाहिला. "राजापुरी," हळदीची जात ओळखून म्हणाले, आणि दीड तास निवडत बसले. रात्री मी सगळं परत मिसळून ठेवायची. वर्षभर तीच हळद.

नणंद पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "माझ्या वडलांना फसवतेस तू. हमाली करून घेतेस." फार लागलं मला ते. त्या दिवाळीला दोनदा आल्या, दोन्ही वेळा सकाळी येऊन दुपारच्या गाडीनं परत. संध्याकाळचे अण्णा त्यांनी पाहिलेच नाहीत.

बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? त्यानंही विसर पडतो आणि तो औषधानं सुधारतो. दोन-चार दिवसांत एकदम बिघडले तर आधी लघवीची तपासणी करा. आमच्याकडे इन्फेक्शन निघालं होतं. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. सदऱ्याच्या खिशात फोन नंबर शिवून टाका. सरकारी ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन १४५६७ आहे.

वडील हातातलं तोंडात घालत असतील तर मात्र हळकुंडं नकोत, टॉवेलच्या घड्या घालायला द्या. आणि प्रत्येकाला हे लागू पडेल असंही नाही, अण्णा मुळात शांत स्वभावाचे होते.

पण लांबून कुणी "फसवताय" म्हणालं, तर त्यांना राहायला बोलवा. संध्याकाळी ७ पर्यंत जाऊ देऊ नका.