चाळिशी जवळ आली, दीड वर्षात एकही पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. अपराधी वाटायला हवं का?

नको. झालं उत्तर.

पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑफिसातले दोघे वर्षाला ४०-४० पुस्तकं वाचतात आणि त्यांच्यात बसायची तुम्हाला लाज वाटते. ते वाचून मला आमचे भाऊजी आठवले, त्यामुळे आता जरा लांबेल.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे प्रूफं तपासतो. २२ वर्षं झाली. दिवसभर छापील अक्षर डोळ्यांखालून जातं आणि घरी आल्यावर मी पुस्तक हातात धरत नाही. धरलंच तर वाचत नाही, खडे वेचतो. कुठे 'कि' ऱ्हस्व दिसला की हात पेन शोधायला लागतो. गोष्ट कशाबद्दल आहे हे कळायच्या आत तिसऱ्या ओळीतला अनुस्वार राहिलाय हे कळलेलं असतं.

या कामात शिरताना पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की वाचायचं नाही. गोष्टीत गुंतलात की चुका निसटल्या. सरावलेला वाचक प्रत्येक शब्दावर नजर टेकवतच नाही. 'आणि', 'तर', 'हा' असले बारके शब्द तो ओलांडून जातो, आणि एखादं अक्षर चुकलेलं असेल तर मेंदू आपल्या पदरचं बरोबर अक्षर घालून मोकळा होतो. म्हणून आम्ही ओळीखाली पट्टी धरतो. किंवा एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसरा प्रूफवर नजर ठेवतो. पहिली ३ वर्षं तो मोठ्यानं वाचणारा मी होतो. घसा बसला, गोष्ट एकही आठवत नाही.

तर भाऊजी. ताईचे यजमान. माणूस चांगला, अडीनडीला धावून येणारा. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे चांगलं बोलायला जागा मिळणार नाही. ते वर्षाला ५२ पुस्तकं वाचतात, आठवड्याला एक. त्याची वही आहे. पुस्तकाचं नाव, पानं, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, पाचपैकी गुण. ३१ डिसेंबरला त्या वहीचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो आणि खाली 'वाचाल तर वाचाल'.

काही वर्षांपूर्वी सगळे ताईकडे जमलो होतो. भाऊजींनी मला विचारलं, "काय साहेब, यंदा किती झाली?" मी म्हटलं, एकही नाही. तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "समुद्राकाठी राहून आंघोळ न करणारा माणूस बघायचा असेल तर हा बघा." सगळे हसले. आईसुद्धा हसली. मी काय बोलणार, खोटं तर नव्हतंच.

मग त्यांनी एक कादंबरी काढून आईच्या हातात दिली. "आई, ही वाचाच. मी एका बैठकीत संपवली, अडीच तासांत. डोळ्यांत पाणी आलं." मी मुखपृष्ठ पाहिलं आणि गप्प राहिलो. तिची प्रूफं मीच तीन वेळा तपासली होती. (आता वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं. पण 'तपासली' म्हणजे 'वाचली' असं मला म्हणता आलं नाही, आणि त्यांना ते चाललंही नसतं.)

आईचं वाचन वेगळंच प्रकरण. ती सातवीपर्यंत शिकली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचते. दुपारी चार-पाच पानं, आवडलं तर तेच पान उद्या पुन्हा. वर्षाला दोन पुस्तकं झाली तरी खूप. ती कादंबरी घेऊन बसली. महिनाभराने एका दुपारी बघितलं तर पुस्तक मिटून नुसती बसलेली. दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "काय रे, यात तो म्हातारा मेला कधी?"

मी म्हटलं, "कोण म्हातारा?"

"अरे, आत्ता तर अंगणात बसून मुलाशी भांडत होता. आणि आता त्याच्या खोलीला कुलूप आहे, सून त्याचे कपडे वाटून टाकतेय. मधली पानं मी दोनदा वाचली. मला वाटलं माझंच काहीतरी बिघडलं."

पुस्तक हातात घेतलं आणि दहा सेकंदांत कळलं. पुस्तक सुट्या पानांचं बनत नाही, फर्म्यांचं बनतं. एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की एक फर्मा. या पुस्तकात तो १६ पानांचा होता. २८८ पानं, म्हणजे १८ फर्मे. बांधणीआधी ते क्रमाने एकावर एक ठेवतात, त्याला जुळणी म्हणतात. या प्रतीत जुळणी करणाऱ्याच्या हाताने सातवा फर्मा दोनदा आला आणि आठवा राहिला. ९७ ते ११२ ही पानं दोनदा, आणि मग थेट १२९. म्हातारा ११९व्या पानावर जातो. बाप-लेकाचं भांडण मिटतं की नाही, हे त्या १६ पानांत आहे. कादंबरी उभी आहे ती त्यांच्यावर.

मी धड प्रत मिळवून आईला दिली. ती पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली, आता शंका नको म्हणून.

बिघडलेली प्रत घेऊन मी ताईकडे गेलो. कबूल करतो, चांगल्या मनाने गेलो नव्हतो. चहा यायच्या आत विचारलं, "भाऊजी, त्या कादंबरीत म्हातारा कसा गेला हो?"

"झोपेत," ते म्हणाले. "फार संयमाने लिहिलंय."

म्हातारा मरतो तो बस स्टॉपवर. मुलाची वाट बघत, उन्हात. झोपेचा संबंध नाही. मी पुस्तक उघडून समोर ठेवलं. त्यांनी पानं मागे-पुढे केली, चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "मी शब्द न् शब्द धरून बसत नाही. सार घेतो."

"१६ पानं दोनदा आली, हे सारात आलं नाही?"

ताई म्हणाली, "पुरे आता."

पुरे. पण तुमच्यासाठी थोडा हिशेब करतो. २८८ पानं, पानाला २७५ शब्द धरले तर ७९ हजारांच्या वर जातात. इंग्रजीपुरता अभ्यास झालाय, त्यात मोठी माणसं कथा-कादंबरी मनातल्या मनात वाचताना सरासरी मिनिटाला २६० शब्द वाचतात असं निघालं. मराठीचा वेग वेगळा असेल, पण तोच धरला तर पाच तासांच्या वर. अडीच तासांत संपवायचं तर दुपटीहून अधिक वेग हवा, आणि वेग वाढला की समजणं कमी होतं, हे वाचनावर काम करणाऱ्यांनी वारंवार दाखवलंय. तेव्हा ऑफिसातल्या त्या ४० पुस्तकांचं दडपण घेऊ नका. घ्यायचंच असेल तर एखाद्या दिवशी सहज विचारा, म्हातारा कसा गेला.

भाऊजींचा दुसरा मुद्दा असा की पुस्तकं वाचणारा जास्त जगतो. हे त्यांनी हवेतून काढलेलं नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या ३,६३५ जणांची १२ वर्षांची माहिती तपासली. पुस्तकं वाचणारे न वाचणाऱ्यांपेक्षा २३ महिने अधिक जगलेले दिसले. शिक्षण, पैसा, आधीचं आरोग्य यांचा हिशेब त्यांनी केला होता. तरीही तो प्रयोग नव्हता, कोणाला पुस्तक देऊन आणि कोणाला न देऊन बघितलेलं नाही. ज्याला निवांत बसायला मिळतं तो वाचतो, आणि निवांतपणा मिळणारा जगतोही जरा जास्त, असंही असू शकतं. शिवाय आठवड्याला एक या चालीने ते जादाचे २३ महिने आणखी शंभर पुस्तकांतच जायचे.

वाचनाने माणूस सहृदय होतो, हा तिसरा. २०१३ साली 'सायन्स'मध्ये एक लेख आला होता की साहित्यिक कथा नुसत्या थोड्या वाचल्या तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं सुधारतं. पुढे दुसऱ्यांनी तोच प्रयोग मोठ्या संख्येवर करून पाहिला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. मला तर घरचंच उदाहरण पुरेसं आहे.

आणि वाचन म्हणजे मोठं पुण्यकर्म, हे तरी कधीपासून? सॉक्रेटिस लिहिण्याच्याच विरुद्ध होता. लोक लिहिलेल्यावर विसंबतील आणि स्मरणशक्ती गंजेल अशी तक्रार प्लेटोने त्याच्या तोंडी घातली आहे. १८व्या शतकाच्या अखेरीला जर्मनीत कादंबऱ्या वाचत बसणाऱ्यांबद्दल, आज मोबाईलबद्दल बोलतात तसंच बोलत. त्याला व्यसनच म्हणत, लेसेझुख्ट. तेव्हाचे भाऊजी बहुधा पुस्तक हिसकावून घेत असतील.

तुम्ही विचारलेलं दुसरं, ऑडिओ पुस्तक वाचल्यात धरायचं का. धरा. २०१६ मध्येच ९१ प्रौढांवर प्रयोग झाला होता. काहींनी एका पुस्तकाचा भाग ऐकला, काहींनी पडद्यावर वाचला, काहींनी दोन्ही एकदम केलं. समजण्यात आणि दोन आठवड्यांनी आठवण्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. फक्त ऐकताना मागे जायचा आळस होतो. आईने पान दोनदा वाचलं म्हणून तिला चूक कळली, हे विसरू नका.

आणखी एक, हे खरं आधी लिहायला हवं होतं. तुम्ही चाळिशीजवळ आहात. दोन पानांत डोकं जड होतं, पुस्तक लांब धरावंसं वाटतं, असं असेल तर आळशीपणाच्या विचारात पडण्याआधी डोळे तपासून घ्या. या वयात डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं. माझी दोन वर्षं मी 'मन लागत नाही' म्हणत काढली आणि शेवटी निघाला चष्मा.

लहान मुलांना माझं यातलं काही लागू नाही, ती वाचायला शिकताहेत. शिक्षक, डॉक्टर, वकील यांनी आपल्या विषयाचं वाचलंच पाहिजे, पण तो कामाचा भाग झाला. आणि तुम्हाला मनापासून वाचावंसं वाटतंय, जमत नाहीये, असं असेल तर तो प्रश्न वेगळा. त्याला माझ्याकडे आईच्या बोटाशिवाय दुसरा उपाय नाही. रोज चार पानं, बोट धरून.

माझ्याही बाजूची एक गोष्ट लपवून उपयोग नाही. "कोण म्हातारा?" असं आईला विचारणारा मी होतो, आणि माझ्यासमोर तर ती १६ पानं तीन वेळा होती. भाऊजींनी त्या दिवशी हेच तोंडावर फेकलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो की मी वहीत लिहिलं नाही. त्या वर्षीचा आकडा ५१ करा, असंही म्हणालो. ३१ डिसेंबरला फोटो आला. ५२च होता, आणि त्या कादंबरीला पाचपैकी साडेचार.